मोकळी जागा आणि मुरणारी जागा
वाचकांचे प्रश्न : प्रक्रिया केलेलं सांडपाणी आणि भूजल पुनर्भरण

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून रोज ३ एमएलडी, म्हणजे ३० लाख लिटर पाणी निघतं आणि ओढ्याला जातं. ते जमिनीत मुरवायचा ठराव झाला आहे. तीन जागा सुचवल्या आहेत : बंद पडलेली दगडखाण, टेकडीच्या पायथ्याचं गायरान आणि ओढ्याकाठची पडीक जमीन. कोणती निवडावी?
(नगरसेवक, पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग)

उत्तर : दगडखाण आधी यादीतून काढा. खाण तिथे काढली जाते जिथे दगड अखंड आणि टणक असतो, आणि तोच आपला काळा पाषाण, पाणी सर्वांत कमी मुरवणारा. खाणीत मे महिन्यापर्यंत पाणी साचून राहत असेल तर ते मुरत नाही, याचा पुरावा तुमच्या डोळ्यांसमोरच आहे. उलट पाणी दोन-चार दिवसांत गायब होत असेल तर ते आणखी वाईट. सुरुंगाने फुटलेल्या एखाद्या भेगेतून ते थेट खाली जातंय, मध्ये माती नाही, मुरूम नाही, गाळणी नाही. असं पाणी खालच्या आळीतल्या विहिरीत किती दिवसांत पोचेल आणि कसलं पोचेल, हे कुणी सांगू शकत नाही.

उरलेल्या दोन जागांचा निकाल नकाशावर लागत नाही, विहिरींत लागतो. दोन्ही जागांच्या भोवती दीड-दोन किलोमीटरच्या टप्प्यातल्या पंधरा-वीस विहिरी निवडा. मे महिन्यात पाणी तळाला गेलेलं असतं, तेव्हा प्रत्येक विहिरीचा छेद टेप लावून लिहून काढा : वर काळी माती किती फूट, खाली मुरूम किती, मग पांढरे ठिपके असलेला मांजऱ्या किती, काळा पाषाण कुठे लागला, गेरूचा लाल पट्टा दिसतो का. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे भिंतीवर ओल कुठे आहे, झरा कोणत्या थरातून आणि कोणत्या बाजूने येतो. मांजऱ्याची छिद्रं बहुधा पांढऱ्या खनिजांनी बुजलेली असतात. पाणी त्या छिद्रांतून येत नाही, आडव्या भेगांमधून येतं. म्हणून नुसतं 'मांजऱ्या लागला' एवढ्यावर खूश होऊ नका, भेगा मोजा. जागेखाली ८ ते १० मीटर मुरूम किंवा फुटका मांजऱ्या सलग असेल तर जागा विचारात घेण्यासारखी. दोन-तीन मीटरवर काळा पाषाण किंवा गेरू लागत असेल तर पाणी त्यावर आडवं सरकेल आणि खालच्या बांधावर चिघळ म्हणून बाहेर येईल. पायथ्याच्या गायरानात हे वरचेवर होतं. इथे मुरवलेलं पाणी तीन-चारशे मीटरवर ओढ्यात परत आणि खर्च वाया.

ओढ्याकाठच्या जमिनीसाठी एक सोपी पारख आहे. पाऊस संपल्यावर ओढा त्या जागेपाशी जानेवारीपर्यंत वाहता राहत असेल, तर तिथे जमीन पाणी बाहेर टाकते आहे. जिथून पाणी बाहेर येतं तिथे आत घालता येत नाही. उंबर, करंज, जांभूळ यांची आपसूक उगवलेली दाट रांग असेल तर तिथेही पाणी वरच असल्याची शंका धरा. झाडावर निर्णय करायचा नाही, पण झाड पाहून विहीर मोजायला जायला हरकत नाही.

आता जागेपेक्षा मोठा प्रश्न. खडकात पाणी ठेवायला जागा किती आहे? आपल्या राज्याचा सुमारे ८० टक्के भाग बेसॉल्टचा, म्हणजे याच काळ्या पाषाणाचा आणि मांजऱ्याचा. भूजलाच्या अंदाजासाठी देशभर वापरल्या जाणाऱ्या निकषांत झिजलेल्या किंवा भेगाळ बेसॉल्टची साठवण २ टक्के धरतात, अखंड बेसॉल्टची ०.३५ टक्के आणि वाळूच्या गाळाची १६ टक्के. म्हणजे १ एमएलडी पाणी वर्षभर मुरवलं तर ३ लाख ६५ हजार घनमीटर होतं. भूजल पातळी सरासरी ५ मीटर वाढू द्यायची असेल तर ते सामावायला ३६५ हेक्टर फुटका खडक रिकामा लागतो. तुमच्या ३ एमएलडीला जवळपास ११०० हेक्टर. एवढ्या क्षेत्रातून शेतकरी रब्बीत आणि उन्हाळ्यात जितकं उपसतील तितकीच जागा तुमच्या पाण्याला मिळणार. पावसाळ्यात विहिरी काठोकाठ भरलेल्या असताना मिळणार नाही. म्हणून दख्खनच्या पठारावर मुरवणीचा खरा हंगाम डिसेंबर-जानेवारी ते मे. उरलेले महिने पाणी कुठे जाईल याची सोय आधी करा, ठराव नंतर.

याच कारणासाठी एकच मोठं तळं नको. ओढ्याच्या वरच्या भागात, वेगवेगळ्या विहिरींच्या समूहांना जोडून पाच-सहा लहान तळी करा. बेसॉल्टमध्ये पाणी बाजूला सरकायला वेळ घेतं. तळ्यातून दिवसाला ६ सेंटिमीटर पाणी उतरलं आणि ते बाजूला अजिबात सरकलं नाही, तर २ टक्के साठवणीच्या खडकात तळ्याखालची पातळी एका दिवसात ३ मीटर वर येईल. प्रत्यक्षात काही पाणी सरकतंच, पण तळ्याखाली भूजलाचा उंचवटा तयार होतो आणि तो तळाला भिडला की मुरणं थांबतं. तळ्याच्या तळापासून भूजल पातळी, तळं भरलेलं असतानाही, किमान ३ मीटर खाली राहिली पाहिजे. त्यासाठी ऑक्टोबरची पातळी पाहायची, मे महिन्याची नव्हे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षातून चार वेळा घेते. जिल्हा कार्यालयातून तुमच्या पाणलोटाच्या मागच्या दहा वर्षांच्या ऑक्टोबरच्या नोंदी मागवा.

अजून एक. एखादा कारखाना, औष्णिक केंद्र किंवा कालव्याखालची शेती हे पाणी थेट घ्यायला तयार असेल तर आधी त्यांना द्या. नागपूरच्या भांडेवाडीचं १३० एमएलडी पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. तिथे तेवढंच ताजं पाणी वाचतं आणि खडकाची परीक्षा पाहावी लागत नाही.

प्रश्न : मुरण्याची चाचणी कशी करायची? सल्लागाराने दोन रिंगांची चाचणी करून 'दिवसाला दीड मीटर' असा आकडा दिला आहे. त्यावर तळ्याचं क्षेत्रफळ काढलं तर चालेल का?
(कनिष्ठ अभियंता, सातारा जिल्हा)

उत्तर : नाही. या चाचणीत जमिनीत ठोकलेल्या दोन रिंगांत पाणी भरून ते किती वेगाने उतरतं ते पाहतात. आतली रिंग ३० सेंटिमीटर आणि बाहेरची ६० सेंटिमीटर व्यासाची. एवढ्याशा जागेत पाणी आजूबाजूला पसरतं आणि आकडा फुगतो. शिवाय चाचणीला टँकरचं स्वच्छ पाणी वापरलेलं असतं. रिंगेच्या आकड्याचे फार तर २ ते ४ टक्के वर्षाच्या सरासरीसाठी धरता येतात. दीड मीटरचे होतात ३ ते ६ सेंटिमीटर.

त्यापेक्षा खड्डा चाचणी करा. तळ्याचा तळ ज्या पातळीवर येणार आहे तिथपर्यंत ३ मीटर बाय ३ मीटरचा खड्डा घ्या. शेवटचा अर्धा फूट कुदळीने हाताने काढा, जेसीबीच्या बकेटने नको. बकेट तळ घासून गुळगुळीत करतं आणि आकडा खोटा निघतो. बाजूच्या भिंतींना ताडपत्री लावा म्हणजे पाणी तळातूनच उतरेल. मध्यभागी सेंटिमीटरच्या खुणा केलेली पट्टी रोवा. पाणी ३० सेंटिमीटर उंचीवर आणा, उतरेल तसं भरत राहा आणि दर तासाला नोंद करा. शेजारी पाण्याने भरलेलं एक पिंप उघडं ठेवा. त्यातली घट म्हणजे बाष्पीभवन, ती वजा करायची. पहिले दोन-तीन दिवस कोरडी जमीन अधाशासारखं पिते, ते आकडे मोजू नका. सातव्या-आठव्या दिवशी वेग स्थिर होतो, तोच खरा. दिवसाला ६० सेंटिमीटर उतरत असेल तर ९ चौरस मीटरला रोज ५४०० लिटर लागेल, म्हणजे साधारण एक टँकर. चाचणीचा खर्च एवढाच, आणि तो वाचवून लाखांचं तळं कोरडं किंवा तुडुंब पाहण्यात अर्थ नाही.

या स्थिर आकड्याचा दहावा भाग वर्षाची सरासरी म्हणून धरा. त्यात तळं सुकवण्याचे दिवस आणि तळ बुजण्याची घट दोन्ही आली. ६० सेंटिमीटरचे झाले ६. म्हणजे १ एमएलडीला सुमारे १६,७०० चौरस मीटर पाण्याखालचं क्षेत्र. बांध, रस्ता, पाइप धरून सव्वादोन हेक्टर. हा हिशोब पूर्ण वर्ष चालणाऱ्या तळ्याचा, आणि तो तळ्यापुरताच. खालच्या खडकाचा हिशोब वरच्या उत्तरात दिला आहे तसा स्वतंत्र मांडा. दोन्हींत जो कमी पाणी सांगेल तो धरा.

प्रश्न : तळ बुजतो म्हणजे नक्की काय होतं? दर वर्षी नांगरट केली तर पुरे ना?
(तोच वाचक)

उत्तर : तळ्याच्या तळावर तीन गोष्टी साचतात : गाळाचे बारीक कण, जिवाणूंचा बुळबुळीत थर आणि शेवाळ. शेवाळ दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतं, पाण्याचा सामू वाढतो आणि चुना खाली बसतो. सुकल्यावर तळावर पापडासारखा पोपडा दिसतो, एक-दोन सेंटिमीटर जाडीचा, उन्हात भेगाळलेला, कडा वर वळलेल्या. हा पोपडा खरवडून बाहेर न्यायचा. नांगरून आत मिसळला तर बारीक कण खोल जातात आणि मग दोन फूट माती काढावी लागते. खरवडणी कोरड्यावरच करायची. ओल्या तळावर ट्रॅक्टर उतरवला की एका दिवसात वर्षभराचं नुकसान होतं.

पाण्याची उंची ३० सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. 'जास्त पाणी, जास्त दाब, जास्त मुरणं' हे इथे उलटं पडतं. उंची वाढली की बुजलेला थर दाबून अधिक घट्ट होतो आणि पाणी तळ्यात जास्त दिवस थांबून शेवाळाला आयतं रान मिळतं. तीन तळी करून आळीपाळीने चालवा : दोन दिवस भरायचं, चार दिवस सुकवायचं. सुकताना जमिनीत हवा शिरते, थर वाळून आकसतो. सहा दिवसांच्या आत प्रत्येक तळं कोरडं झालं म्हणजे डासांची पैदासही पुरी होत नाही. तळं सहा दिवसांत सुकत नसेल तर ती जागा किंवा ते पाणी चुकलं आहे असं समजा.

प्रश्न : जुनी कोरडी बोअर आहे, ४०० फुटांची. प्रक्रिया केलेलं पाणी तीत थेट सोडलं तर जागेचा प्रश्नच उरणार नाही.
(गृहनिर्माण संस्थेचे सचिव, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : कृपा करून सोडू नका. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या ना-हरकत अटींत प्रक्रिया केलेलं असो वा नसो, सांडपाणी भूजलात टोचून घालायला सक्त मनाई आहे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम २४ विहिरीत प्रदूषित पाणी जाऊ देण्यावरही लागू होतं, आणि भूगर्भातलं पाणी त्या कायद्यात प्रवाहातच धरलं आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी कारण स्पष्ट आहे. सांडपाण्याची खरी स्वच्छता मातीच्या वरच्या काही फुटांत होते, जिथे हवा आणि जिवाणू दोन्ही असतात. बोअर नेमका तो थर ओलांडून जाते. तुमच्या बोअरमध्ये गढूळपणा दिसणार नाही, पण शेजारच्या सोसायटीची बोअर त्याच भेगेवर असेल तर तिच्या नळाला जंतू येतील. पावसाचं छतावरचं पाणी गाळून बोअरमध्ये सोडणं वेगळं आणि हे वेगळं. दोन्हींना 'पुनर्भरण' हा एकच शब्द वापरल्यामुळे ही गल्लत वारंवार होते. तुमचं पाणी बागेला, फ्लशला आणि गाड्या धुवायला वापरा.

प्रश्न : आमच्या केंद्राचा अहवाल 'बीओडी १०' दाखवतो. एवढं शुद्ध पाणी मुरवायला काय हरकत?
(पाणीपुरवठा विभागातील कर्मचारी, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : बीओडी १० चांगलंच आहे, पण ते सेंद्रिय घाणीचं माप आहे. नायट्रोजनचा आकडा विचारा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये नव्या-जुन्या केंद्रांसाठी एकूण नायट्रोजन लिटरला १० मिलिग्रॅम सांगितला. हा सगळा नायट्रोजन जमिनीत नायट्रेट झाला तर होतात ४४ मिलिग्रॅम, आणि पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे ४५. म्हणजे सर्वांत कडक निकष पाळणारं केंद्रसुद्धा काठावर आहे. केंद्रातून नायट्रोजन २५ निघत असेल तर नायट्रेट ११० पर्यंत जाऊ शकतं. बागायती पट्ट्यात युरियामुळे विहिरी आधीच या मर्यादेच्या आसपास असतात. तळी भरण्या-सुकवण्याची आळीपाळी नीट बसवली तर काही नायट्रोजन वायू होऊन उडून जातो, पण सगळा जाईल असं गृहीत धरू नका.

दुसरं, क्षार. घरगुती वापरातून पाण्यात लिटरला दोन-चारशे मिलिग्रॅम क्षार वाढतात आणि माती ते गाळत नाही. तेच पाणी उपसून, वापरून, पुन्हा मुरवलं की दर फेरीत चढत जातं. तिसरं, गटारात काय मिसळतं. एखादा प्लेटिंगचा, रंगाईचा किंवा बॅटरीचा कारखाना त्या लाइनला जोडलेला असेल तर मुरवण्याचा विचार तिथेच थांबवा. क्रोमियम एकदा खडकाच्या भेगांत गेलं की ते काढणं जवळपास अशक्य. चौथं, तळ्यात सोडण्यापूर्वी भरपूर क्लोरीन मारू नका. ते तळावरच्या कामाच्या जिवाणूंना मारतं आणि उरलेल्या सेंद्रिय पदार्थांशी मिळून नवी घातक द्रव्यं तयार करतं. निर्जंतुकीकरण उपसा केल्यावर करा.

प्रश्न : इस्राएलने वाळवंटात हे केलं, बंगळूरने कोलारला दिलं. मग आपण एवढं घाबरायचं का?
(शिक्षक, सोलापूर)

उत्तर : तेल अवीवच्या दक्षिणेला शाफदान प्रकल्प १९७७ पासून सांडपाणी मुरवतो, पण ते समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत. तिथे पाणी वाळूच्या प्रत्येक कणाला घासून जातं. तळ्यांभोवती उपसा विहिरींचं कडं आहे, त्यामुळे मुरवलेलं पाणी पिण्याच्या विहिरींकडे जाण्याआधीच परत वर घेतलं जातं आणि नेगेव्ह वाळवंटातल्या शेतीला जातं. एवढी काळजी घेऊनही पुढे काही विहिरींत मँगेनीज वाढलं, कारण सतत ओल्या जमिनीतला प्राणवायू संपला आणि वाळूतलं मँगेनीज विरघळू लागलं. कोलारच्या तळ्यांत बंगळूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी २०१८ मध्ये सुरू झालं, योजना ४४० एमएलडीची, तळी शतकांपूर्वीची. त्याच वर्षी एका तळ्यात फेस आला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. पातळी वाढते यात शंका नाही. पण पातळी आणि गुणवत्ता या दोन वेगळ्या नोंदवह्या आहेत आणि दुसरी आपल्याकडे बहुतेक वेळा कोरीच असते.

वेग कसा बदलतो ते पाहा. पाणी वाहू देण्याची क्षमता दोन्हीकडे दिवसाला ५ मीटर आणि पाण्याचा उतार शंभरात एक धरला, तर २५ टक्के पोकळीच्या वाळूत पाणी दिवसाला २० सेंटिमीटर सरकतं, २ टक्के पोकळीच्या बेसॉल्टमध्ये अडीच मीटर. कॅलिफोर्नियात पिण्यासाठीच्या पुनर्भरणात पाणी किमान दोन महिने जमिनीखाली राहावं असा नियम आहे. दोन महिन्यांत वाळूत ते १२ मीटर जातं, आपल्या खडकात १५० मीटर. आणि एखादी मोठी भेग लागली तर त्याहून कितीतरी पुढे. सोलापूरला नियम तिथला आणि अंतर वाळूतलं वापरून चालणार नाही. पिण्याची विहीर उताराच्या दिशेला असेल तर ५०० मीटरच्या आतली जागा घेऊच नका.

प्रश्न : यावल-रावेर भागात सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांची जमीन आहे. पाणी दिवसभरात जिरतं. ही जागा आदर्श म्हणायची का?
(केळी उत्पादक, जळगाव जिल्हा)

उत्तर : तुमच्याकडे बेसॉल्टवाल्यांना हेवा वाटावा अशी जमीन आहे. भूजल खोल गेलेलं, साठवण भरपूर. पण अगदी पायथ्याच्या मोठ्या गोट्यांत पाणी इतक्या वेगाने उतरतं की मातीला काम करायला वेळच मिळत नाही. थोडं खाली या, जिथे गोट्यांच्या जागी बारीक खडी आणि वाळू लागते. ट्यूबवेल खोदताना निघालेल्या मालाची नोंद बोअरवाल्याकडे असते, ती मागा : चिकणमातीचा सलग थर किती खोलीवर आहे? तो तळ्याखाली दहा-पंधरा मीटरवर असेल तर पाणी त्यावर अडून बसेल. नदीकडे आणखी खाली, पूर्णेच्या खारपाण पट्ट्यासारख्या भागात मात्र मुरवू नका. तिथे गोड पाणी खाऱ्यात मिसळून हातातून जातं आणि चिकण जमीन चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट होऊन पाणी न मुरणारी, होण्याची भीती असते.

प्रश्न : पाणी कुठे जातं ते कसं कळणार? गावकरी विचारतात.
(सरपंच, नाशिक जिल्हा)

उत्तर : त्यांनी विचारलंच पाहिजे. तळं खणण्याच्या आधी एक पूर्ण वर्ष नोंदी ठेवा, नाहीतर नंतर काय बदललं ते सिद्ध करता येणार नाही. चार जागी निरीक्षण विहिरी हव्यात : एक तळ्याच्या वरच्या अंगाला, एक तळ्यालगत, दोन उताराच्या दिशेला १०० आणि ३०० मीटरवर. त्या तळ्यातलं पाणी ज्या भेगाळ थरात जातं त्याच थरापर्यंत खोल हव्यात. दर महिन्याला पातळी, क्लोराइड आणि विद्युतवाहकता (पाण्यातल्या क्षारांचं माप) मोजा. दर तीन महिन्यांनी नायट्रेट, अमोनिया, लोह, मँगेनीज आणि कोलिफॉर्म (मैला मिसळल्याची खूण असलेले जिवाणू). क्लोराइड मातीत अडकत नाही आणि खडकाशी रिॲक्शन करत नाही. प्रक्रिया केलेल्या पाण्यात ते विहिरींपेक्षा जास्त असतं. त्यामुळे एखाद्या विहिरीत ते चढायला लागलं की तुमचं पाणी तिथे पोचलं. तो दिनांक आणि तळं भरल्याचा दिनांक यांतलं अंतर म्हणजे तुमच्या खडकाचा खरा वेग. कोलिफॉर्म १०० मीटरवरच्या विहिरीत दिसला तर तळं बंद करा, पाणी ओढ्यात वळवा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर त्याच दिवशी लिहा. फलकावरचा आकडा रोज वाचणाऱ्या बायाच पाण्याचा बदललेला वास आधी ओळखतात.